पाण्याचा दाखला

जन्माला आलेल्या इसमास जन्माचा, मेलेल्यास मृत्यूचा आणि या दोहोंच्या दरम्यान पेन्शन खाणाऱ्यास दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला हजर करावा लागतो, हे ज्या मुलखात सर्वमान्य आहे, त्या मुलखात एखाद्या तळ्यास आपण तळे असल्याचा दाखला मागितला गेला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. किंबहुना इतकी शतके तळी, डबकी, दलदली आणि लव्हाळ्यांची राने यांना कोणीही कागद न विचारता नांदू दिले, हीच सरकारदरबारची मोठी गफलत म्हटली पाहिजे. ती दुरुस्त करण्याचा पहिला प्रयत्न २०१० साली झाला आणि दुसरा, अधिक पद्धतशीर, २६ सप्टेंबर २०१७ रोजी. त्या दिवशी केंद्र सरकारने पाणथळ जागांचे संवर्धन व व्यवस्थापन यांविषयीचे नवे नियम राजपत्रात प्रसिद्ध केले आणि प्रत्येक राज्यास आपापले पाणथळ प्राधिकरण स्थापन करण्यास फर्मावले.

या नियमांची सुरुवात मोठ्या दिलदारपणे होते. इराणात कास्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाच्या गावी १९७१ च्या फेब्रुवारीत काही राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून जो करार केला, त्यातली व्याख्या आपण जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे. पाणी नैसर्गिक असो वा मनुष्याने अडवलेले, बारमाही असो वा हंगामी, साचलेले असो वा वाहते, गोडे असो, मचूळ असो वा खारे, ते जिथे आहे ती जागा पाणथळ. समुद्राचे म्हणाल, तर ओहोटीच्या वेळी ज्याची खोली सहा मीटरांहून अधिक नाही तेवढा समुद्रसुद्धा त्यात आला. हे औदार्य पाहून आषाढातल्या कोणत्याही नगरपालिकेच्या मुख्य रस्त्यासही आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळेल की काय, अशी एक सुखद शंका वाचकाच्या मनाला चाटून जाते. परंतु ती शंका पुरती आकार घेण्यापूर्वीच, त्याच वाक्यात, पूर्णविराम येण्याच्या आत, अपवाद सुरू होतात. नदीचे पात्र वगळले आहे. भाताची खाचरे वगळली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत, आणि मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी व सिंचनासाठी मुद्दाम केलेली बांधकामेही वगळली आहेत.

आता महाराष्ट्राची भूमी ही बहुतांशी काळ्या कातळाची, आणि कातळावर पाणी आपखुशीने थांबत नाही. त्यामुळे या प्रांती जिथे म्हणून पाणी साचून राहिले आहे, तिथे कोणा तरी राजाने, पाटलाने, मालगुजाराने, इंग्रज इंजिनिअराने अथवा स्वतंत्र भारताच्या पाटबंधारे खात्याने ते पिण्याकरिता किंवा शेताकरिता अडवलेले आहे, असे बव्हंशी आढळते. अपवाद म्हणून लोणारकडे बोट दाखवावे, तर ते आकाशातून पडलेल्या उल्केने खोदलेले असून त्याचे पाणी गोडे नाही. सारांश, कोणीही न बांधलेले, कोणत्याही उपयोगाकरिता न बांधलेले, कोणास न पाजणारे व कशास न भिजवणारे असे निरुद्देश गोडे पाणी शोधून काढून त्याचे रक्षण करावे, अशी ही अपेक्षा आहे. आणि आमच्या पूर्वजांवर काहीही आरोप करता आला, तरी कुदळ-फावडे घेऊन विनाकारण तळी खोदण्याइतके ते निरुद्योगी होते, असा आरोप कोणी करणार नाही.

या बाबतीत नांदूर मधमेश्वराची कथा मला फार उद्बोधक वाटते. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा घालण्यात आला. हेतू शुद्ध सिंचनाचा होता: पाणी अडवावे आणि कालव्यांनी खाली नगर जिल्ह्याकडे न्यावे. बंधाऱ्याने पाणी अडवले, पण पाण्याबरोबर गाळही अडला. गाळ साचत गेला तसा जलाशय उथळ होत गेला, मधूनमधून बेटे वर आली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या, आणि जो जो इंजिनिअराच्या कपाळावरील आठी खोल होत गेली तो तो उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचा उत्साह वाढत गेला. तलवार बदके आली, थापटे आले, ब्राह्मणी बदकांच्या जोड्या आल्या, जांभळ्या पाणकोंबड्या तर कायमच्या रहिवासी होऊन बसल्या. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. म्हणजे ज्या वर्गाचे बांधकाम व्याख्येतून मुद्दाम वगळावे असे नियमकर्त्यांना वाटले, नेमक्या त्याच वर्गातील एका गाळाने भरलेल्या बांधकामाने राज्याला पहिला जागतिक मान मिळवून दिला. इतक्यावरही भागत नाही. अभयारण्य वन्यजीव कायद्याखाली येते, आणि वन्यजीव कायद्याखालील क्षेत्रास पाणथळ नियम लागू नाहीत असे त्या नियमांतच म्हटले असल्यामुळे, राज्याची सर्वांत नावाजलेली गोड्या पाण्याची पाणथळ ही पाणथळ नियमांच्या कक्षेबाहेर राहून सुखाने नांदते आहे. आज्ञाधारक मुलांच्या वर्गात न बसता बाहेरून परीक्षा देऊन पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याकडे हेडमास्तरांनी ज्या संमिश्र भावनेने पाहावे, त्या भावनेने प्राधिकरण त्याच्याकडे पाहत असावे.

सारसाची स्थिती याहून नाजूक आहे. हा उंच, लाल मानेचा, एकपत्नीव्रती पक्षी आपल्या राज्यात मुख्यतः गोंदियाच्या बाजूस उरला आहे. तो अंडी घालतो भाताच्या बांध्यांत आणि चरतो माजी मालगुजारी तलावांत. बांधी म्हणजे भाताचे खाचर, ते वगळले. तलाव सिंचनाचा, तोही वगळला. तेव्हा कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता, जन्मापासून मरेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा असलेला हा पक्षी पाणथळ जागेत एकदाही उभा राहिलेला नसतो.

या मालगुजारी तलावांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण पाण्यावर नियम करणे हा काही आजचा शोध नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हे तलाव हजारोंनी आहेत; गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी ते बांधले, आणि कोणत्या उतारावर किती पाळ घातली म्हणजे किती पाणी थोपेल, हे गणित त्यांनी कोणत्याही संस्थेची पदवी न घेता सोडवले. पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे, मासे कोणी धरायचे, शिंगाडा कोणी लावायचा, गाळ कोणी काढून शेतात टाकायचा, याचे रिवाज गावाच्या वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत, आणि त्या कागदाची मोठी खुबी अशी, की तो वाचणारा, मोडणारा आणि मोडल्याबद्दल शिव्या खाणारा, तिघेही एकाच गावात राहत. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती गेली हे उत्तमच झाले, परंतु तलाव मात्र वाटण्या झालेल्या घरातल्या म्हाताऱ्यांप्रमाणे खात्याखात्यांत विभागले गेले: लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे, मासळी सहकारी संस्थेकडे, पाळीवरचे झाड आणखी कोणाकडे. अशा तलावात कोणी घाण टाकली, तर कोणाकडे दाद मागावी, हा प्रश्न विचारणाऱ्याचे आयुष्य सुखात जाते, कारण त्याला रोज नव्या कचेरीत जायला मिळते.

तळ्याच्या लहान-मोठेपणाचाही एक सिद्धांत आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून साऱ्या देशाचा पाणथळ-नकाशासंग्रह तयार केला, तो २०११ साली बाहेर आला. त्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी आखल्या आहेत, आणि त्याहून लहान ५,५५,५५७ जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. नकाशाचे प्रमाण एकास पन्नास हजार. म्हणजे सव्वादोन हेक्टरांचा चौकोन कागदावर तीन मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद भरतो. काम नि:संशय मोठे आणि मोलाचे होते, पण त्याचा परिणाम असा झाला, की साडेपाच एकरांच्या वर असलेल्या पाण्यास अंग मिळाले आणि त्याखालच्या पाण्यास फक्त अस्तित्व. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत दोन लाख एक हजार पाचशे तीन जागांना संरक्षण देण्याविषयी हुकूम केला तेव्हा अंग असलेली तळी निर्धास्त झाली. ठिपके मात्र ठिपकेच राहिले. ठिपक्यास हद्द नसते, आणि हद्द नसेल तेथे अतिक्रमणाची मोजणी करण्यास भूमापकाने साखळी कोठून कोठे धरावी?

तथापि हद्द ठरवण्याचे काम मुळातच किती अवघड आहे, हे मला एका तालुक्यातील स्थळपाहणीच्या वेळी जवळून पाहावयास मिळाले. पाहणी वैशाखात होती. पाणथळीची पाहणी वैशाखातच का करावी, तर मार्चअखेरपर्यंत सारी कचेरी वसुलीत गुंतलेली असते आणि मृगानंतर तिथवर जीप जात नाही, असे सुसंगत उत्तर मला मिळाले. नायब तहसीलदार, तलाठी, कोतवाल, पाटबंधाऱ्याचे शाखा अभियंता, एक वनरक्षक आणि महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक अशी मंडळी जागेवर उतरली, तेव्हा त्यांच्या पायांखाली टरबुजांचा वेल पसरलेला होता.

"पाणी कुठे आहे?" नायब तहसीलदारांनी विचारले.

"साहेब, ही गाळपेर जमीन आहे," तलाठी म्हणाले. "पाणी हटलं की एकसाली लावणीनं देतो आपण. पावती आहे."

"मग ही शेतजमीन झाली."

"शेतजमीन कशी? सातबाऱ्याला पोटखराबा आहे."

प्राध्यापकांनी व्याख्येतला हंगामी पाण्याचा उल्लेख हळूच काढून दाखवला. अभियंत्यांनी तितक्याच हळू सिंचनाचा अपवाद काढून दाखवला. वेलाच्या कडेला उभा असलेला एक म्हातारा भोई बराच वेळ हे ऐकत होता, तो पुढे होऊन म्हणाला, "साहेब, कार्तिकात या की. आत्ता तुम्ही उभे आहात ना, तिथं माझं जाळं असतंय." नायब तहसीलदार नकळत दोन पावले मागे सरले. पंचनाम्यात पुढे असे लिहिले गेले, की सदर ठिकाणी पाहणीच्या वेळी पाणी दिसून आले नाही, तथापि इतर वेळी ते असते असे उपस्थित इसमांपैकी काहींनी तोंडी सांगितले, सबब पाण्याची खातरजमा होऊ शकली नाही.

खरी गंमत पुढे झाली. पाणथळीच्या काठी कायम स्वरूपाचे बांधकाम करावयाचे नाही, अंतर धरायचे पन्नास मीटर, आणि ते पन्नास मीटर मोजायचे कोठून, तर नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांत आढळलेल्या पुराच्या सरासरी उच्चतम रेषेपासून, अशी तरतूद आहे. काठालगतच्या बागायतदारास तेथे मंगल कार्यालय व लॉन्स काढावयाचे होते, आणि तो नकाशाची गुंडाळी घेऊनच आला होता. आता दहा वर्षांच्या पुराची मोजमापे त्या तळ्यावर कोण ठेवणार? काठावर म्हसोबाचे ठाणे होते, त्याला चार पायऱ्या होत्या, आणि गावाची सारी जलविज्ञानविषयक नोंद त्या पायऱ्यांवर होती.

"पाणी कुठवर येतं, आजोबा?"

"म्हसोबाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत."

"दरवर्षी?"

"दरवर्षी कसं येईल? देवाची मर्जी."

"मला सरासरी सांगा."

म्हाताऱ्याने पायऱ्यांकडे, मग देवाकडे पाहिले आणि म्हणाला, "सरासरी धरायची तर दुसरी लिहा."

दुसऱ्या पायरीपासून फीत धरली, तेव्हा पन्नासावा मीटर मंगल कार्यालयाच्या भटारखान्यातून गेला. बागायतदार अजिजीने म्हणाला, "भाऊसाहेब, पहिली पायरी धरली तर भटारखाना वाचतो." भोई म्हणाला, "मग आम्ही तिसरीच म्हणू." अर्धा तास ही पायऱ्यांची घासाघीस चालली, शेवटी दुसरी पायरी कायम झाली, आणि शेंदराने माखलेल्या त्या दगडावर कोतवालाने चुन्याची खूण केली. राज्याच्या पर्यावरणीय प्रशासनाचा तो मूलभूत बिंदू होय. बागायतदाराने मात्र हार खाल्ली नाही. पन्नास मीटरांच्या त्या बंदीतून नावांच्या धक्क्याला सूट आहे हे त्याने वाचून ठेवले होते, आणि महिन्याभरात त्याने सुधारित नकाशा दाखल केला, त्यावर शीर्षक होते: "नौकाविहारासाठी धक्का, आनुषंगिक भोजनगृहासह." त्या तळ्यात नाव अशी एकच होती, ती भोयाची, आणि ती बांधण्यास बाभळीचा एक खुंट पुरत असे.

कायम स्वरूपाचे बांधकाम म्हणजे काय, हा वाद मोठ्या शहरांतही सुटत नाही. मुंबईच्या पवई तलावाचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो शहराला पाणी पाजण्यासाठी बांधला, पुढे ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही, आणि शहराने त्याला विसरण्यास सुरुवात केल्यावर मगरींनी त्याची काळजी घेतली. अशा तलावाच्या काठाने सायकलींचा मार्ग काढण्याची कल्पना महानगरपालिकेस सुचली. दगडांच्या जाळ्या रचून काम सुरूही झाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात ते काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. आपल्या चिरंजीवांस सायकल चालवण्यास जागा नाही म्हणून हळहळणाऱ्या सद्गृहस्थांची मला कणव येते, पण सायकल आणि मगर यांचा वाद न्यायालयात जाऊन मगर जिंकली, याचा मला झालेला आनंद लपवण्याचे कारण दिसत नाही.

एवढे वाचून मी या नियमांचा विरोधक आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. नियम वाईट नाहीत. माझी तक्रार एवढीच, की ते विचारणाऱ्याला अडवतात. जो नकाशा घेऊन येतो, ज्याला बँकेचे कर्ज हवे असते आणि म्हणून बिनशेतीचा हुकूमही हवा असतो, तो पायरीपायरीवर अडतो. जो काहीच विचारीत नाही, त्याच्या वाटेत पायऱ्या येत नाहीत. त्याचे डंपर रात्री दहानंतर येतात, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा काठाकाठाने ओततात आणि पहाटे निघून जातात. पहिल्या पावसाळ्यात त्यावर गवत उगवते, दुसऱ्यात टपरी, तिसऱ्यात वीजजोडणी. मग कोणी तक्रार केलीच, तर पाहणी वैशाखात होते, पंचांना पाणी दिसत नाही, आणि जे पाणी दिसत नाही त्यात भराव घातला असे म्हणण्यास आधार राहत नाही. परवानगी न मागितल्याबद्दल सर्वांत लवकर मिळणारी परवानगी ती हीच. ज्या तळ्यांपर्यंत डंपराचा रस्ता नाही, ती आज शाबूत आहेत, आणि त्या संरक्षणाचे श्रेय प्राधिकरणाइतकेच बांधकाम खात्यासही दिले पाहिजे.

मुदतींच्या बाबतीत मात्र नियमकर्त्यांची उमेद पाहून थक्क व्हावे. राज्यातील सर्व पाणथळींची यादी तीन महिन्यांत. अधिसूचित करावयाच्यांची सहा महिन्यांत. संपूर्ण अंकीय नोंदवही एका वर्षात. प्रत्येक पाणथळीचा संक्षिप्त दस्तऐवज करावयाचा, त्यात हद्दीचे अक्षांश-रेखांश, तिच्यावर परिणाम करणारा आसमंत, तिची परिसंस्था आणि लोकांचे पूर्वापार हक्क लिहावयाचे. मग प्राथमिक अधिसूचना काढून साठ दिवस हरकती घ्यावयाच्या, आणि शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना. ज्या कचेरीत वारसाची नोंद फेरफाराला चढण्यास दोन उन्हाळे लागतात, तिला हे वेळापत्रक पाठवणाऱ्याच्या आशावादास माझा प्रणाम असो.

तरीही त्या तालुक्यातला दस्तऐवज झाला. पूर्वापार हक्कांच्या रकान्यात भोयाचे जाळे, टरबुजाचे वेल, गुरांना पाणी आणि म्हसोबाची जत्रा अशा चार बाबी प्राध्यापकांनी आग्रहाने लिहवून घेतल्या. गावकऱ्यांच्या माहितीसाठी जागेवर एक लोखंडी फलकही रोवण्यात आला, त्यावर वर प्राधिकरणाचे नाव, मधे गट नंबर आणि खाली हरकती स्वीकारण्याची अखेरची तारीख रंगवलेली होती. फलक वैशाखात रोवला असल्यामुळे जागा कोरडी पाहून निवडली होती. श्रावणात पाणी चढले आणि फलक कमरेपर्यंत बुडाला. वरचे नाव वाचता येते, गट नंबरही भिंगाने वाचता येईल, पण तारीख पाण्याखाली आहे. मुदत संपल्याची जाणीव सूचनाफलकाद्वारे करून दिली गेली नाही, या मुद्द्यावर बागायतदाराने वकिलामार्फत आपली हरकत उशिरा दाखल केली, आणि ती दाखल करताना पुरावा म्हणून पाण्यात उभ्या असलेल्या त्या फलकाचे छायाचित्र जोडले. नायब तहसीलदारांनी छायाचित्र बराच वेळ निरखले, त्याच्या दोन प्रती काढायला सांगितल्या, आणि एक प्रत हरकतीच्या संचिकेत व दुसरी, पाण्याची खातरजमा झाल्याबद्दल, पाणथळीच्या संचिकेत लावली.